मुद्रित बासरी व तिच्या आवाजाचें नियमन

आपल्या प्राचीन संगीतशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, सुषिर, अवनद्ध व घन. वीणा, सतार इत्यादि तारांचीं वाद्यें तीं तत. मृदंग, तबला इत्यादि चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध. टाळ, झांजा, घंटा हीं घन. आणि ज्यांच्या पोकळ नळींत वारा शिरला म्हणजे नाद उत्पन्न होतो तीं बासरी, सनई यांसारखीं वाद्यें सुषिर होत. या चार वर्गांपैकीं सुषिर वाद्यांचा माणसाच्या प्राणाशीं जितका निकट संबंध आहे तितका दुसऱ्या कोणत्याहि वर्गाचा नाहीं. छेडणारा हात क्षणभर विसांवला तरी तार कांहीं वेळ झंकारत राहते. परंतु फुंक थांबली कीं बासरी मुकी होते. वादकाचा श्वास जसा भरतो व ओसरतो तसा तिचा आवाजहि भरतो व ओसरतो. या चढउतारांतच बासरीचें अर्धेंअधिक सौंदर्य आहे. आणि तीच बासरी मुद्रित करून इतर वाद्यांच्या मेळांत बसवावयाची झाली म्हणजे सर्वांत अधिक अडचण करणारी गोष्टहि हीच होय.

निरनिराळीं वाद्यें निरनिराळ्या ट्रॅकवर मुद्रित करून मागाहून त्यांचा एकत्र मेळ घालणें यास मिक्सिंग अथवा मिश्रण असें म्हणतात. हल्लीं हें काम साध्या संगणकावर करतां येतें व त्यासाठीं ऑडॅसिटीसारखीं कांहीं साधनें विनामूल्यहि मिळतात. त्यामुळें तें विद्यार्थ्यांच्या आटोक्यांत आलें आहे. तथापि साधन हातीं आलें म्हणजे विद्या हातीं आली असें होत नाहीं. बासरी, तबला व तंबोरा यांचें एक साधें मुद्रण घेऊन त्यांत बासरीचा आवाज कसा आवरावा, किती आवरावा, आणि कोठें मुळींच आवरूं नये, याचा क्रमवार विचार या लेखांत करावयाचा योजिला आहे.

प्रथम आवाज मोजावयाचा कसा तें पाहूं. आवाजाच्या तीव्रतेचें माप डेसिबल हें आहे. हें माप वजनाच्या अथवा लांबीच्या मापासारखें सरळ बेरजेचें नाहीं. तें पटीचें माप आहे. हवेंतील दाबाचें आंदोलन दुप्पट झालें म्हणजे सुमारें ६ डेसिबल वाढतात. चौपट झालें म्हणजे १२. आठपट झालें म्हणजे १८. संगणकावरील मुद्रणांत जी सर्वांत मोठी पातळी मावूं शकते तिला शून्य मानतात आणि बाकीच्या सर्व पातळ्या तिच्या खालीं, म्हणजे ऋण चिन्हानें, मोजतात. −६ म्हणजे कमाल पातळीच्या निम्मी आणि −१८ म्हणजे तिचा सुमारें आठवा हिस्सा. शून्याच्या वर जागाच नाहीं. तेथें पोंचलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज मागाहून निर्दोष करतां येत नाहीं, म्हणून मुद्रण करतेवेळीं बासरीचे अत्युच्च स्वर −१० ते −१२ च्या वर जाणार नाहींत असें पाहावें. आजचीं मुद्रणयंत्रें प्रत्येक नमुना २४ बिटांनीं नोंदवितात. एका बिटामागें सुमारें ६ डेसिबल या हिशेबानें त्यांत १४४ डेसिबलांचा पल्ला निघतो. प्रत्यक्षांत मायक्रोफोनचा व खोलीचा गलबला त्यांतील बराचसा भाग खाऊन टाकतो. तरीहि थोडें खालच्या पातळीवर मुद्रण केल्यानें कांहींच बिघडत नाहीं.

आतां बासरीचा आवाज इतका विषम कां, हा प्रश्न येतो. ज्या मोठ्या बासरीचा षड्ज पांढरी तीनचा असतो, तिच्या मध्य षड्जाचीं सेकंदास सुमारें ३३० आंदोलनें होतात. सहाहि छिद्रें झांकलीं म्हणजे मंद्र पंचम निघतो. त्याचीं आंदोलनें सुमारें २४७. तेथून वर सुमारें अडीच सप्तकें ही बासरी फिरते. खालच्या सप्तकाचे स्वर मंद, संथ फुंकेनें निघतात. वरच्या सप्तकांत जावयाचें तर ओठ आवळून फुंकेचा झोत अधिक वेगवान करावा लागतो. तसें केल्यावांचून नळीतील हवा वरच्या स्वरावर उडी घेतच नाहीं. म्हणजे तार सप्तकांतील स्वर मोठा लागतो तो केवळ वादकाच्या इच्छेनें नव्हे, तर वाद्याच्या घडणीमुळेंच. उलटपक्षीं मंद्र पंचम कितीहि मनापासून फुंकला तरी एका मर्यादेपलीकडे मोठा होत नाहीं. फुंक अधिक जोरानें मारली तर स्वर चढूं लागतो किंवा थेट वरच्या सप्तकांत निसटतो.

यांत मनुष्याच्या कानाची भर पडते. फ्लेचर व मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं असें दाखवून दिलें कीं, सारख्याच तीव्रतेचे पण निरनिराळ्या उंचीचे नाद कानाला सारखे मोठे वाटत नाहींत. सेकंदास तीन ते चार हजार आंदोलनांच्या आसपास आपला कान सर्वांत तिखट असतो. खालच्या स्वरांकडे तो त्या मानानें मंदपणें पाहतो, आणि एकंदर आवाज लहान असतांना तर हा भेद अधिकच जाणवतो. बासरीचे खालचे स्वर आधींच दुबळे. त्यांत कान त्यांच्या विरुद्ध. तबल्याचा बायां आणि तंबोऱ्याचा खर्ज यांचा निवास बहुतांशीं त्याच खालच्या प्रदेशांत असतो. असें असल्यावर मंद्रांतील आलाप इतर वाद्यांखालीं बुडावा आणि तारांतील एखादा स्वर अकस्मात् कानांत घुसावा, यांत नवल तें काय?

ही अडचण आजची नाहीं. चर्चमधील ऑर्गन हें वाद्य पाहा. त्याच्या नळ्यांत भात्यानें वारा भरतात. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, नळीचा आवाज तोच. हा दोष घालविण्यासाठीं लंडनमधील सेंट मॅग्नस द मार्टर या चर्चमध्यें १७१२ सालीं अब्राहम जॉर्डन यांनीं एक युक्ति योजिली. कांहीं नळ्या एका पेटींत बंद करून त्या पेटीचें झांकण वादकास आपल्या जागेवरून उघडतां-मिटतां येईल अशी रचना त्यांनीं केली. नळी तीच व वाराहि तोच. परंतु झांकण उघडत जाईल तसतसा श्रोत्यांकडे येणारा आवाज वाढे. मिश्रण करणाराच्या हातीं असलेली फेडरची पट्टी ही तत्त्वतः याच झांकणाची नात होय.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळींहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आले व गौहर जान प्रभृति कलावंतांचीं गाणीं त्यांनीं मुद्रित केलीं. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर गावयाचें आणि कर्ण्यांत शिरलेल्या ध्वनीच्या जोरावरच सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ ओढावयाची, अशी ती पद्धति होती. मोठा स्वर आला कीं कलावंतानें कर्ण्यापासून मागें सरावें आणि लहान स्वराच्या वेळीं पुढें यावें, असा त्या काळचा परिपाठ असे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें व ही सरकासरक कमी झाली. पण तिच्यामागील तत्त्व आजहि खरें आहे. पहिलें नियमन वादक व मायक्रोफोन यांमधील अंतरानेंच होतें.

मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें म्हणजे आवाज ६ डेसिबलांनीं उतरतो. समजा, मायक्रोफोन बासरीपासून अवघा ६ इंच ठेविला आहे. वादक रंगांत येऊन ६ इंच मागें झुकला तर अंतर १२ इंच होतें आणि आवाज ६ डेसिबलांनीं पडतो. तोच मायक्रोफोन २४ इंचांवर असता तर तितक्याच झुकण्यानें अंतर ३० इंच झालें असतें आणि आवाज सुमारें २ डेसिबलच उतरला असता. बासरीवादक डोलल्यावांचून वाजवीत नाहीं. म्हणून मायक्रोफोन दीड-दोन फुटांवर, किंचित् वर व एका बाजूस, फुंकेचा झोत थेट त्यावर येणार नाहीं असा ठेवावा. बासरीचा नाद फुंकेच्या छिद्रांतून तसाच बोटांखालच्या उघड्या छिद्रांतूनहि बाहेर पडतो. मायक्रोफोन अगदीं तोंडापाशीं असेल तर श्वासाचा फूत्कारच अधिक येतो व नळीचा गोड नाद कमी. मात्र खोली फार घुमणारी असेल तर मायक्रोफोन थोडा जवळ घ्यावा लागतो, नाहींतर बासरीपेक्षां भिंतीच अधिक बोलूं लागतात. एवढी एक गोष्ट नीट साधली तर पुढील निम्मे श्रम वांचतात.

आतां मुद्रण झालें असें धरूं व मिश्रणाकडे वळूं. आरंभीं कोणत्याहि यंत्रास हात न लावतां सर्व वादन एकदां आदीपासून अंतापर्यंत ऐकावें व दोन प्रकारचीं स्थळें कागदावर टिपून घ्यावींत. ज्या ठिकाणीं बासरी मेळांत हरवते तीं पहिल्या प्रकारचीं, आणि ज्या ठिकाणीं ती टोंचते तीं दुसऱ्या प्रकारचीं. या टिपणाचें महत्त्व मोठें आहे. कारण आवाजांतील सर्वच चढउतार दोष नव्हेत. आलापांत एखादा स्वर अगदीं शून्यांतून उगवून हळूहळू फुलतो. तेथें वादकाला तो फुलवावयाचाच असतो. परंतु मंद्र पंचम केवळ वाद्य दुबळें म्हणून ऐकूं येत नसेल, किंवा वादक मागें झुकल्यामुळें एक सबंध ओळ विरली असेल, तर तो चढउतार वादकाच्या मनांतला नव्हे. पहिला चढउतार राखावयाचा, दुसरा सांवरावयाचा. हा विवेक कोणतेंहि यंत्र करूं शकत नाहीं. तो कानानें व संगीताच्या जाणिवेनेंच करावा लागतो.

यानंतर पहिला उपाय हाताचा. टिपणाप्रमाणें एकेक ओळ घेऊन फेडरनें ती वर-खालीं करावी. संगणकावर ही हालचाल नोंदून ठेवतां येते, म्हणजे प्रत्येक वेळीं ती आपोआप तशीच घडते. मंद्रांतील ओळी २ ते ३ डेसिबल उचलाव्या, तारांतील टोंचणारे स्वर तितकेच उतरवावे. बदल स्वराच्या मध्येंच एकाएकीं करूं नये. दोन ओळींमधील श्वासाच्या जागीं, किंवा ओळ जेथून आपण होऊन चढूं लागते तेथें करावा, म्हणजे तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. श्वास घेण्याचा आवाज फार मोठा असेल तर तेवढाच ६-७ डेसिबलांनीं कमी करावा. पण तो अजिबात पुसून टाकूं नये. श्वास पुसलेली बासरी ऐकतांना श्रोत्याचाहि जीव नकळत कोंडतो.

दुसरा उपाय यंत्राचा. त्यास कॉम्प्रेसर म्हणतात. त्याचें काम वर्गावर देखरेख करणाऱ्या दक्ष पंतोजीसारखें आहे. मुलांचें बोलणें एका मर्यादेच्या आंत आहे तोंवर पंतोजी पुस्तकांतून डोकें वर काढीत नाहींत. मर्यादा ओलांडली कीं, जितकी ओलांडली त्या मानानें ते आवाज खालीं आणवितात. या यंत्रास पांच गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या पातळीनंतर आवरावयास लागावें, ती मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. मर्यादेवरील आवाज किती पटीनें कमी करावा, तें प्रमाण म्हणजे रेशो. मर्यादा ओलांडल्यावर किती वेळांत पकड घ्यावी, तो काळ म्हणजे ॲटॅक. आवाज पुन्हां मर्यादेखालीं गेल्यावर किती वेळांत पकड सोडावी, तो काळ म्हणजे रिलीज. आणि सर्व झाल्यावर एकंदर आवाज किती उचलावा, ती भरपाई म्हणजे मेक-अप गेन.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, आपल्या मुद्रणांत मंद्र पंचम −२६ वर आहे व तार षड्ज −८ वर. दोहोंत १८ डेसिबलांचें, म्हणजे सुमारें आठपटीचें अंतर आहे. मेळांत बसण्यासाठीं तें ८ डेसिबलांवर, म्हणजे सुमारें अडीच पटीवर आणावयाचें आहे. हें काम एकट्या कॉम्प्रेसरकडून करून घ्यावयाचें तर मर्यादा −२० व प्रमाण ६ ला १ असें ठेवावें लागेल. तार षड्ज मर्यादेच्या १२ डेसिबल वर आहे. त्याचे २ राहतील व तो −१८ वर येईल. हिशेब जुळला खरा. पण त्या स्वराचे १० डेसिबल एका झटक्यांत दाबले गेले. असें दाबणें कानाला कळतें. स्वराला जणूं कोणी मानगुटीस धरून खालीं बसविलें आहे असें वाटतें.

आतां तेंच काम दोन हातांत वांटून देऊं. आधीं फेडरनें मंद्र पंचम ३ डेसिबल उचलला. तो −२३ वर आला. तार षड्ज ३ उतरविला. तो −११ वर आला. अंतर १२ उरलें. मग कॉम्प्रेसरची मर्यादा −१९ व प्रमाण २ ला १ ठेविलें. तार षड्ज मर्यादेच्या ८ वर आहे. त्याचे ४ राहून तो −१५ वर येतो. मंद्र पंचम मर्यादेच्या खालीं असल्यामुळें जागचा हलत नाहीं. अंतर ८ झालें आणि यंत्राला केवळ ४ डेसिबल दाबावे लागले. शेवटीं सर्व आवाज ४ डेसिबलांनीं उचलला म्हणजे तार षड्ज पुन्हां −११ वर व मंद्र पंचम −१९ वर येतो. फळ तेंच; परंतु स्वराला इजा पुष्कळच कमी. हातानें मोठें काम करावें व यंत्रानें उरलेसुरलें, हा या विद्येंतील पहिला नियम म्हणतां येईल.

या हिशेबांतच एक धोक्याची सूचना आहे. मंद्र पंचमाच्या ठिकाणीं आपण आधीं ३ व मागाहून ४ असे एकंदर ७ डेसिबल उचलले. त्या स्वराबरोबर पंख्याचा, रस्त्याचा व श्वासाचा आवाजहि ७ डेसिबलांनीं वर आला. खोलीचा गलबला −६६ वर असेल तर तो −५९ वर पोंचला. म्हणून मुद्रणाच्या वेळीं पंखा बंद करण्याचा जो कंटाळा केला जातो, त्याची किंमत मिश्रणाच्या वेळीं व्याजासह द्यावी लागते.

काळाच्या दोन मापांविषयीं आतां विचार करूं. तबल्याच्या थापेचा माथा क्षणार्धांत येतो व जातो. तेथें कॉम्प्रेसरला चपळ असावें लागतें. बासरीची गोष्ट निराळी. तिचा स्वर टिकाऊ आहे. त्याचा माथा व त्याची सरासरी यांत फारसा फरक नसतो. म्हणून बासरीसाठीं लाटेच्या माथ्याऐवजीं सरासरी पातळी पाहणारा कॉम्प्रेसर निवडावा, आणि ॲटॅक साधारणपणें २० ते ३० मिलिसेकंद ठेवावा. त्याहून फार लहान ठेविला तर जिभेच्या हलक्या आघातानें स्वराला जो उठाव येतो तो बोथट होतो, आणि द्रुत तानांतील दाणे एकमेकांत मिसळतात. रिलीज फार लहान असला तर ओळ संपतांच यंत्र पकड सोडतें आणि वादकाचा श्वास एकदम मोठा ऐकूं येतो. जणूं बासरीच्या मागें कोणी धापा टाकीत बसला आहे. रिलीज फार मोठा असला तर एका मोठ्या स्वराची शिक्षा त्याच्या मागून येणाऱ्या लहान स्वरांस भोगावी लागते. दीडशे ते तीनशे मिलिसेकंदांपासून आरंभ करून लयीप्रमाणें तो कमीअधिक करावा. विलंबित आलापास मोठा, द्रुत गतीस लहान, हा साधा ठोकताळा आहे. मींड घेतांना पातळी हेलकावे खातांना ऐकूं आली तर रिलीज चुकला असें समजावें.

कांहीं वेळां सबंध स्वर मोठा नसतो. त्याचा एखादाच अंश टोंचत असतो. तार सप्तकांत दोन ते चार हजार आंदोलनांच्या आसपास जी कर्कशता येते ती या जातीची. तिच्यासाठीं संपूर्ण बासरी दाबणें म्हणजे एका मुलाच्या खोडीबद्दल सगळ्या वर्गाला उभें करणें होय. तेथें असा इक्वलायझर योजावा कीं, जो तो अंश ठराविक पातळी ओलांडील तेव्हांच तेवढाच कमी करतो व एरवीं स्वस्थ राहतो. यास डायनॅमिक इक्वलायझर म्हणतात. त्यानें २ ते ३ डेसिबल कमी केले तरी बहुधा पुरे होतें.

घुमाऱ्याचाहि क्रम महत्त्वाचा आहे. सभागृहाचा भास आणणारा रिव्हर्ब कॉम्प्रेसरच्या नंतर लावावा. तो आधीं लावला तर स्वर थांबतांच कॉम्प्रेसर पकड सोडतो आणि मागें उरलेला घुमारा फुगून वर येतो. प्रत्यक्ष सभागृहांत असें कधींच घडत नाहीं, म्हणून तें कानाला खोटें वाटतें.

येथें ध्वनिशास्त्रांतील एक सुंदर गोष्ट सांगावीशी वाटते. जोरानें फुंकलेला स्वर हा केवळ मोठा केलेला मंद स्वर नव्हे. जोर वाढला म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे उपस्वर प्रमाणाबाहेर वाढतात व स्वराचा रंगच पालटतो. तो अधिक उजळ, अधिक धारदार होतो. आपण त्याची पातळी उतरविली तरी हा रंग कायम राहतो. दुरून कोणी हांक मारली तर ती कानाशीं लहान येते, तरी ओरडणारा ओरडत आहे हें आपण ओळखतों, तें याच रंगावरून. त्यामुळें चढत जाणारी ओळ थोडी आवरली तरी तिचा चढाव श्रोत्यास कळतो. कॉम्प्रेसरचा माफक उपयोग संगीतास मारक होत नाहीं याचें रहस्य हें आहे. परंतु हात सैल सुटला आणि दहा-बारा डेसिबल दाबले गेले म्हणजे रंग सांगतो एक व पातळी सांगते दुसरेंच. आणि या विसंगतीनें कान थकतो.

आपण केलेल्या कामाची परीक्षा कशी करावी? बहुतेक नवशिके कॉम्प्रेसर लावून व काढून ऐकतात आणि लावल्यावर आवाज मोठा झाला म्हणून तो चांगला झाला असें समजतात. दोन सारख्या आवाजांपैकीं जो किंचित् मोठा तो कानाला अधिक गोड वाटतो; हा कानाचा भोळेपणा आहे. म्हणून दोन्ही रूपें समान पातळीवर आणून मगच तुलना करावी. नंतर एकंदर आवाज अगदीं लहान करून ऐकावें. मंद्रांतील ओळ तेथेंहि ओळखूं आली व तारांतील स्वर एकटाच पुढें आला नाहीं, तर मेळ साधला.

हा भोळेपणा व्यक्तीपुरता राहिला नाहीं. आपलें गाणें दुसऱ्याच्या गाण्याहून मोठें वाजावें या ईर्ष्येनें गेल्या शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रणें उत्तरोत्तर अधिकाधिक दाबून काढण्याची प्रथा पडली. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें १६ बिटांमुळें सुमारें ९६ डेसिबलांचा पल्ला उपलब्ध होता. परंतु पुष्कळ मुद्रणांत त्यांतील वरच्या कांहीं डेसिबलांपलीकडे कोणी फिरकेना. एवढें मोठें अंगण असून सर्वांनीं एका कोपऱ्यांत गर्दी करावी तसें झालें. पुढें कानाला जाणवणाऱ्या आवाजाचें सरासरी माप काढण्याची रीत ठरली, आणि युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियननें २०१० सालीं प्रक्षेपणासाठीं −२३ एलयूएफएस हें माप ठरवून दिलें. असें माप लागू झालें म्हणजे दाबून मोठें केलेलें गाणें प्रक्षेपणाच्या वेळीं आपोआप खालीं आणलें जातें, आणि त्या दाबण्यापासून होणारा लाभ नाहींसा होऊन हानि तेवढी शिल्लक राहते.

ही हानि कोणाची, याचा विचार करावयास हवा. पन्नालाल घोष हे १९११ सालीं जन्मले व १९६० सालीं निवर्तले. लोकसंगीतांतील बासरीस मोठा आकार देऊन रागसंगीताच्या बैठकींत मानाचें आसन त्यांनीं मिळवून दिलें. आज त्यांचें वादन ऐकावयाचें तर जीं थोडीं मुद्रणें मागें उरलीं त्यांच्याखेरीज दुसरा मार्ग नाहीं. जें वादकाच्या मुद्रणाचें, तेंच आपल्या गांवच्या वादकाचें, आणि तेंच वर्गांतील बासरी वाजविणाऱ्या सोबत्याचें. वादक बोलावयास समोर नसतो. तो कोठें हळू बोलला व कोठें मोठ्यानें, याची साक्ष मिश्रण करणारा देतो. त्यानें सर्वच स्वर एका पातळीवर आणून ठेविले तर तो खोटें बोलला असें कोणी म्हणणार नाहीं, कारण एकहि स्वर त्यानें बदललेला नाहीं. पण एखाद्याच्या पत्रांतील सर्व शब्द जसेच्या तसे ठेवून ते एकाच सुरांत वाचून दाखविले तर लिहिणाऱ्याचें मन पोंचत नाहीं, तसेंच हें होय. उलट, कांहींहि न करतां मुद्रण तसेंच सोडलें आणि वादकानें जीव ओतून वाजविलेली मंद्रांतील ओळ तंबोऱ्याखालीं गाडली गेली, तर तीहि अप्रामाणिक साक्षच ठरते. मौन व बडबड या दोहोंमधून वाट काढावयाची आहे.

ज्या विद्यार्थ्यांस याचा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनीं पुढील सोपा प्रयोग करावा. आलापाचें एक मिनिटाचें मुद्रण घेऊन त्याच्या तीन प्रती कराव्या. पहिली मुळाप्रमाणें ठेवावी. दुसरींत केवळ फेडरनें ओळी सांवराव्या व नंतर २ ला १ प्रमाणाचा कॉम्प्रेसर लावून ३-४ डेसिबलांहून अधिक दाबूं देऊं नये. तिसरींत फेडरला हात न लावतां ८ ला १ प्रमाण ठेवून १२ डेसिबल दाबावे. तिन्ही प्रती कानाला सारख्या मोठ्या लागतील अशा करून, कोणती कोणती हें न सांगतां, तंबोऱ्यासह व तंबोऱ्याविना चार मित्रांना ऐकवाव्या. त्यांना एवढेंच विचारावें कीं, कोणत्या प्रतींत वादक जवळ बसून वाजवीत आहे असें वाटलें, आणि कोणती प्रत ऐकतांना कंटाळा आला. त्यांच्या उत्तरांतून जें शिकावयास मिळेल तें पुस्तकांतून मिळणार नाहीं.

होरेब पर्वतावर एलीया संदेष्ट्यास जी ईश्वरी वाणी ऐकूं आली ती सोसाट्याच्या वाऱ्यांत नव्हे, भूकंपांत नव्हे व अग्नींतहि नव्हे, तर या सर्वांमागून आलेल्या एका मंद स्वरांत, अशी कथा जुन्या करारांत आहे. मंद स्वराला ऐकूं येण्यापुरती जागा करून द्यावयाची आणि मोठ्या स्वराचा मोठेपणा हिरावून घ्यावयाचा नाहीं, एवढेंच मिश्रण करणाराचें कर्तव्य आहे. त्यासाठीं लागणारीं यंत्रें आज स्वस्त झालीं आहेत. धीरानें ऐकणारा कान मात्र ज्याचा त्यानेंच घडवावा लागतो.